बरडीवरची बैठक

मोठीमाय आता नाही, तर तिच्याबद्दल वाईट कशाला बोलायचं, असं माझी मुलगी म्हणते. कशाला म्हणजे? ती जिवंत होती तेव्हाही मी बोलतच होते. आता थांबायचं काही कारण मला दिसत नाही.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको, माझ्या आईची मोठी जाऊ. दारव्ह्याला आमचं घर एकच होतं. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमारास बाबा वारले आणि त्यांची तेरवी होते न होते तोच मोठेबाबांनी घराच्या मधोमध भिंत घातली. बाबा सडकेच्या कामावर मुकादम होते. घरातली शेती मोठेबाबांनी पाहिली, म्हणून चांगलं शेत त्यांचं. आम्हाला नाल्याकडचा तुकडा. तेही एक वेळ चाललं असतं. पण घरामागच्या बागेची वाटणी केली ना, ती मी मेल्यावरही विसरणार नाही.

बागेचा अर्धा भाग काळी होता. काळी म्हणजे आमच्याकडची कापसाची जमीन. त्यात काठी रोवली तरी फुटेल. तिथं संत्र्याची झाडं होती, मोगरा होता. उरलेला अर्धा भाग म्हणजे बरड. नुसता मुरूम, लालसर, टणक, उंचवटा आलेला. त्यावर कुसळं सोडून काही उगवायचं नाही, आणि त्याच्याच एका कोपऱ्यात सगळ्या घराचा उकिरडा. मोठेबाबांनी काळी ठेवली आणि बरड आम्हाला दिली. वर म्हणाले, "तुमाले दोघी मायलेकीले बाग काय करा लागते?" उकिरडा आमच्या वाट्याला आला तरी कचरा टाकायला त्यांच्याकडची बाई रोज येतच राहिली. जसं काही ती त्यांचीच हक्काची जागा.

आणि त्या दिवसापासून मोठीमाय माझ्या आईला 'बरडीवाली' म्हणायला लागली. "ए बरडीवाली, चाळणी दे." "बरडीवालीले सांग, पीठ दळून झालं काय?" गल्लीतल्या बाया आधी हसल्या, मग त्यांच्याही तोंडी तेच बसलं.

माझ्या आईला नाव होतं. चांगलं, तीन अक्षरी नाव. माझे बाबा तिला त्या काळातही नावानं हाक मारायचे, चार माणसांत, खुशाल. लोक तोंडावर पदर घेऊन हसायचे. बाबा सडकेवरून यायचे आणि फाटकातूनच ते नाव घ्यायचे. ते गेले आणि ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. मी तर आईच म्हणणार. मला तेव्हा वाटायचं, बाबांबरोबर आईचंही अर्धं माणूस गेलं, आणि उरलेल्या अर्ध्याला या बाईनं बरडीवाली करून टाकलं.

आई काय म्हणायची? "राऊ दे." बस्स. ताकात पाणी घालून दिलं, राऊ दे. उकिरड्यावर मेलेली कोंबडी टाकली, राऊ दे. त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, "काहून राऊ दे? काहून?" तर म्हणायची, "तू शाळेत जा."

पुढं मोठेबाबा यवतमाळला कुण्या साहेबाच्या बंगल्यावर गेले होते, तिथून एक खूळ डोक्यात घेऊन आले. साहेबानं बंगल्यामागं बागेत फरशी टाकून बसायची जागा केली होती. संध्याकाळी खुर्च्या टाकून चहा. झालं, आमच्याकडंही बैठक पाहिजे. फरशी रेल्वेनं आली, स्टेशनवरून बैलबंडीनं घरी आली. ऐन चैत्रात काम काढलं. मी भिंतीवरून पाहत होते.

गवंडी म्हणाला, "मालक, हे काळी काढा लागते. हातभर उपसू, मुरूम भरू, धुम्मस करू, मंग फरशी."

धुम्मस म्हणजे दांड्याला लावलेला जड लोखंडी ठोकळा. उचलायचा आणि जमिनीवर आपटायचा, भराव दबून घट्ट होईपर्यंत. सडकेच्या कामावर तो रोजचाच. बाबांची धुम्मस आमच्या गोठ्यात अजून उभी होती.

मोठेबाबा असे खवळले, की जणू गवंड्यानं त्यांच्या आईला शिवी दिली. "हे काळी काढू? अबे, सोनं हाये हे! सोनं फेकून त्याच्यात मुरूम भरू काय? पहार मारून पाह्य. दगड हाये दगड!"

आणि पहार मारली तर खरंच ठण्ण वाजली. चैत्रात काळी तशीच असते. ऊन खाऊन दगडासारखी होते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत रेती ओतली, वर चुन्यात फरशी बसवली. जन्मभर काळीत राबलेला माणूस, पावसाळ्यात ती कशी फुगते हे त्याला माहीत नव्हतं? पक्कं माहीत होतं. पण आपली काळी, आपलं सोनं, ते आपल्याशी असं करणार नाही. आमच्याकडच्या कास्तकाराला तुम्ही काहीही सांगा, काळी उचलून फेक एवढं सांगू नका.

त्याच श्रावणात मोठीमायच्या थोरल्या मुलीचं डोहाळजेवण झालं. बागेतलं डोहाळजेवण, पोरीला फुलांनी मढवून झाडाखाली बसवायचं आणि भोवती बाया. नवी कोरी फरशी, त्यावर जाजम, गल्लीतल्या सगळ्या बाया आलेल्या. मोठीमाय उखाणे घेण्यात पटाईत. प्रत्येकीला अडवत होती, "नाव घे, मंगच बस." नाव घ्यायचं म्हणजे उखाण्यात नवऱ्याचं नाव. विधवेला कोण म्हणणार नाव घे? तरी आईला बोलावणं होतं, ओटीचं सामान निवडायला.

आई शेतातून, निंदणावरून आली. पाऊस पडून गेलेला, त्यामुळं पाय घोट्यापर्यंत काळ्या गाऱ्यानं भरलेले. ती बैठकीशी आली, एक पाय उचलला, आणि मोठीमाय सगळ्या बायांसमोर ओरडली, "ए बरडीवाली, तिथंच! तिथंच! फरशीवर येऊ नोको. पाह्य पाय कसे भरले तुये! खालीच बस, ताट पाठवतो."

पाय धुवायला पाणी दे म्हणायला काय जात होतं हो? दारात आलेल्या भिकाऱ्यालाही आपण पाणी देतो. तांब्या तिथंच भरलेला होता.

आईनं उचललेला पाय खाली ठेवला. चिखलात, फरशीच्या कडेला, उकिडवी बसली आणि सुपातलं निवडत राहिली. ताट वरून खाली आलं. ती जेवली. तिथंच बसून जेवली! घरी आल्यावर मी थयथयाट केला, भांडी आपटली, म्हटलं मी त्या बाईचं तोंड फोडते. आई चुलीकडं पाहत म्हणाली, "राऊ दे व. पाय भरलेच होते माये."

त्या दिवशी मी ठरवलं. मोठीमायला मी एक दिवस माझ्या आईच्या फरशीच्या कडेला, चिखलात उभं करीन आणि हेच शब्द, हेच्या हेच, तिला ऐकवीन. सगळ्या गल्लीसमोर. मग ही बाई कशी म्हणते राऊ दे, ते पाहीन. फरशी कुठून आणायची, पत्ता नव्हता. पण बैठक आमच्याकडंही होणार आणि तिच्यापेक्षा पक्की होणार, यात मला शंका नव्हती.

काळीनं मला आधी मदत केली. पोळा होईस्तोवर तिकडची फरशी मधोमध पोटुशीसारखी वर आली. दिवाळीनंतर जमीन वाळली तशी तीच फरशी खाली बसली आणि सांध्यांतून बोटं जायला लागली. मोठेबाबा खुर्चीवर बसले की खुर्ची लंगडायची. एकदा चहाची बशी हातात घेऊन ते मागं कलंडले ते थेट मोगऱ्यात. मी भिंतीआड होते. इतकी हसले की पोटात कळ आली. आई म्हणाली, "हासू नोको," पण तोंड तिकडं फिरवून म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी फरशी उचलून पुन्हा बसवली. कशावर? त्याच काळीवर. ती पुन्हा फुगली. तरी ते म्हणायचे चुना खराब, गवंडी चोर, फरशीच वाकडी. शेवटी वैतागून सगळी उखडली आणि फेकली. कुठं? आणखी कुठं, आमच्या उकिरड्यावर.

मी त्या ढिगाकडं पाहिलं आणि माझ्या अंगात देवी आल्यासारखं झालं. कोपरे तुटलेले, चुना चिकटलेला, पण फरशी चांगली होती. महाराष्ट्र झाला त्या साली माझी मॅट्रिक झाली आणि त्याच हिवाळ्यात मी कुदळ हातात घेतली.

आता कामाचं सांगते, कारण ते मी केलंय आणि त्याचा मला अजून ताठा आहे. लहानपणी बाबांचा डबा घेऊन मी सडकेवर जायची, सगळं पाहायची. वरची फरशी दिसते, पण सगळा खेळ खालचा. सुतळी बांधून चौकोन आखला. उंचवटा तासून खाली आणला. कुसळं आणि हराळी मुळासकट काढली, कारण एक मूळ राहिलं तर ते सांध्यातून डोकं काढणार. घराकडून नाल्याकडं थोडा ढाळ ठेवला, पाणी थांबायला नको म्हणून. बरड मुळातच टणक. ज्या जमिनीत कोथिंबीर येत नाही म्हणून आम्हाला दिली होती ना, तीच आता माझ्या पायाखाली नुसती लोखंडासारखी वाजत होती. मोठेबाबांनी पाया फुकटात देऊन ठेवला होता.

अडचण एकच, उकिरड्याचा कोपरा. तो पोकळ, भुसभुशीत. त्यावर काही ठेवलं तर खचणारच. आई म्हणाली, तेवढा कोपरा सोडून दे. मी नाही सोडला. खणत गेले तशी मोठीमायच्या घरातली सगळी वर्षं बाहेर यायला लागली. फुटक्या बरण्या, सडलेली केरसुणी, चिंध्या, राख. टोपल्या भरभरून नाल्यावर नेऊन टाकल्या. घाण वास डोक्यात बसला होता, जेवण जात नव्हतं. खालची पक्की जमीन लागली तेव्हाच थांबले. तळाला दगडगोटे हातानं रचून बसवले, त्यावर मुरूम. एकदम नाही, वीतभर थर. जाड थर वरून दबल्यासारखा दिसतो आणि खाली मोकळाच राहतो. पाणी शिंपडायचं, पण चिखल नाही. मूठ आवळली की मुरमाचा लाडू व्हावा आणि तळहात ओला होऊ नये, तेवढंच. मग कडेकडून मध्याकडं धुम्मस. मग पुढचा थर.

बाबांची धुम्मस मला एकटीला पेलत नव्हती. आई दुसऱ्या बाजूनं दांडा धरायची. बाबांचे मजूर दमले की घावाच्या तालावर एका सुरात हेल काढायचे. मी माझा काढला. मी म्हटलं, "आई, नाव घ्यायचं न् हाणायचं." आणि धुम्मस वर गेली की मी मोठीमायचं पूर्ण नाव घ्यायची, आडनावासकट, आणि दाणकन खाली. काय सुख होतं म्हणून सांगू! दिवसभर मी तिला चोपत होते. एकेक जुनं आठवून चोपत होते. चाळणीचं एक, ताकाचं एक, आणि त्या ताटाचं तर किती. आईला म्हटलं, तूही घे. ती शहारली. मोठ्या जावेचं नाव ती कसं घेणार? "राऊ दे," म्हणाली आणि मुकाट्यानं दांडा उचलत राहिली.

एका दुपारी मी बाजारातून चुना घेऊन परतले, तर घरामागून धपधप आवाज. आई एकटीच, पदर खोचून, हातात चोपणं. चोपणं म्हणजे जमीन बडवायची लाकडी फळी. धुम्मस झाल्यावर वरचा थर त्यानं सारखा करतात. आई बसून बडवत होती. दातांवर दात. आणि प्रत्येक फटक्याला पुटपुटत होती. मी दबकत जवळ गेले. मला वाटलं, मोठीमायचं नाव असेल.

ते तिचं स्वतःचं नाव होतं. एक फटका, एक नाव. एक फटका, एक नाव. कुणी घेत नव्हतं म्हणून ती स्वतःच घेत होती. मी तशीच मागं फिरले आणि फाटकाशी जाऊन मोठ्यानं खाकरले. आत आले तेव्हा ती गप्प बडवत होती. मला रडूही येत होतं आणि मोठीमायचा गळा धरावासाही वाटत होता.

शेवटी मी बाबांसारखी पारख केली. टाच रोवून जागच्या जागी गरकन फिरले. खळगा पडला तर काम कच्चं. सगळीकडं फिरले, उकिरड्याच्या कोपऱ्यात दोनदा फिरले. काही नाही. टाच मात्र सोलली. मग चुना-रेती पसरून मोठीमायची फरशी आम्ही बसवली. एक अख्खा पावसाळा गेला, आमच्या बैठकीवरचा एक तुकडाही हलला नाही. आई संध्याकाळी तिथं बसून वाती वळायची. त्यानंतरचा पावसाळाही तसाच गेला.

आणि मग मोठीमायच्या धाकटीला दिवस राहिले. थोरलीचं बागेतलं झालं, तर धाकटीच्या सासरच्यांनाही बागेतलंच हवं. विहीणबाई स्वतः येणार होत्या. पण श्रावणात मोठीमायच्या बागेत म्हशीही बसायला तयार नव्हत्या, इतका गारा. मोठीमाय भिंतीशी आली. "ए बरडीवाली, पोरीचं डोहाळजेवण तुयाकडं करू. तुये फरशी बरी राह्यली." मग खाली वाकून पाहिलं. "हे फरशी आमची व्हय काय व?"

"तुमचीच," आई म्हणाली. "तुमी फेकली, आमी बसवली." आणि हो म्हणाली. मला वाटलं झालं, पुन्हा राऊ दे. पण मला तो दिवस हवा होता.

त्या दिवशी आईला मी जबरदस्तीनं मधोमध पाटावर बसवलं. धाकटी फुलांनी मढलेली, विहीणबाई शेजारी, गल्लीतल्या बाया भोवती. मोठीमाय ओटीचं ताट घेऊन आपल्या बागेतून निघाली. यायला वाट एकच, काळीतून. बैठकीशी पोचली तेव्हा पाय घोट्यापर्यंत भरलेले. तिनं पाय उचलला.

"मोठेमाय, तिथंच! तिथंच!" मी ओरडले. "फरशीवर येऊ नोको. पाह्य पाय कसे भरले तुये!"

किती वर्षं ते शब्द तोंडात धरून ठेवले होते. आणि मोठीमाय हसली हो! खळखळून हसली. "खरंच व माय, केवढे भरले! शहाणी हाये पोट्टी. आन पाणी." तिला काही आठवतच नव्हतं. माझ्या आईला चिखलात बसवून जेवू घातलं ते तिच्या लेखी इतकं किरकोळ होतं, की तिनं ते लक्षातही ठेवलं नव्हतं. ती आरामात पाय धूत होती आणि माझा तिळपापड होत होता. सगळी मेहनत पाण्यात. मी आईकडं पाहिलं. आता म्हणेल, राऊ दे. आता म्हणेल.

पाय धुऊन मोठीमाय वर चढायला लागली, तशी आई पाटावरून उठली नाही, फक्त हात आडवा केला.

"नाव घ्या, बाई," ती म्हणाली. "मंगच बसा."

मोठीमाय खूश. उखाण्यात तिचा हात धरणारं कोण होतं? तिनं चांदीच्या ताटापासून सुरुवात केली, मोठेबाबांच्या नावापर्यंत आली.

"त्यायचं नाई," आई म्हणाली. "मायं."

"म्हंजे?"

"मायं नाव घ्या. मी बरडीवाली नाई. मले नाव हाये. ते घ्या, मंग वर या."

मोठीमायचा चेहरा उतरत गेला तो मी अगदी चवीनं पाहिला. तेव्हा तिला आठवलं. फरशीकडं पाहिलं, खाली गाऱ्याकडं पाहिलं, आईच्या पायांकडं पाहिलं. हातात जड ताट, एक पाय वर, एक खाली. विहीणबाईंना वाटलं गंमत चाललीय. त्या हसून म्हणाल्या, "घ्या ना वो विहीणबाई, नाव घ्यायले कायचा उशीर?"

मोठीमायनं ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं.

"आयकू नाई आलं," आई म्हणाली.

मग तिनं घेतलं. माझ्या आईचं नाव, चारचौघींत, स्वच्छ. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं ते घेतलं होतं. आईनं हात बाजूला केला, मोठीमायच्या हातातलं ताट घेतलं आणि तिला बसायला जागा दिली. त्यानंतर मोठीमायनं बरडीवाली हा शब्द तोंडातून काढला नाही. आमच्या घराकडं आली की आधी पाय धुवायची, कोरडे असले तरी.

मुलगी म्हणते, एवढं सगळं लिहिलंस आणि आजीचं नाव कुठंच नाही. नाहीच आहे. ते असं कुणालाही फुकट सांगायचं नाव नाही. मोठीमायला त्यासाठी पाय धुवावे लागले होते.